अण्णांचं टेबल

माझ्या लग्नाआधीच्या त्या एका वर्षाबद्दल मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. तोंडी सांगायला बसले की मी स्वतःला जरा बरी करून सांगते, हे माझ्याच लक्षात आलं, म्हणून सांगणं सोडून दिलं. लिहिताना निदान खोडता येतं. तर आज जे जे खोडावंसं वाटेल तेच ठेवायचं, असं ठरवून बसले आहे.

आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला राहत होतो. बैठी घरं, एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी, आणि मधली भिंत अशी की शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला की आमच्या फळीवरचे डबे थरथरायचे. सकाळी पाणी आलं की सगळ्या गल्लीत पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. आई त्या आवाजाच्या अंदाजाने भाकऱ्या थापायची. पिंप भरत आलं की आवाज बदलतो, तोवर अण्णांच्या डब्याच्या तीन भाकऱ्या झालेल्या असत. सोबत मिरचीचा खर्डा, एखादी पालेभाजी, आणि सोमवार-गुरुवार सोडून खाडीकडच्या गावातून टोपली घेऊन येणाऱ्या मावशीकडची मांदेली. मावशी ओट्यावर टेकून आईला म्हणायची, "घे गो बाय, ताजी हाय, तुज्या मान्साला आवरतान." आवरतान म्हणजे आवडतात, आणि माणूस म्हणजे आमचे अण्णा. सातारकडचे, पण मांदेली म्हटली की त्यांना सातारा आठवत नसे.

अण्णा टर्नर होते. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवायचे. लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गरगर फिरत ठेवायचा आणि त्याला टूल लावून हव्या त्या मापाला आणायचा, हे त्यांचं काम. मोठ्या कारखान्यांतली जुनी यंत्रं बंद पडली आणि त्यांचा भाग बाजारात कुठे मिळेना, की तो तुटका भाग फडक्यात गुंडाळून अण्णांच्या पुढ्यात येई. अण्णा तो हातात घेऊन फिरवत, नख लावून बघत, आणि तसाच नवा बनवून देत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक त्यांना चालत नसे. घरीही हीच खोड. भाकरीचा पहिला तुकडा मोडला की म्हणायचे, "आज कड जाड झाली जरा." आई तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "मग उद्यापासून मापायचं हत्यार घेऊनच बसा पानावर." मग दोघं हसायची. हा विनोद आमच्याकडे इतक्या वेळा झाला की धाकटा भाऊ पहिला तुकडा मोडला की आधीच हसून मोकळा व्हायचा.

अण्णा कामावरून आले की घरात पाऊल टाकण्याआधी मागच्या बाजूने मोरीत जात. आधी रॉकेलचा बोळा, मग साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन ते हात चोळत बसत. तरी बोटांच्या रेघांत आणि नखांच्या कडेला काळं राहायचंच. चपलेच्या तळव्यात लोखंडाची कुरळी साल रुतून आलेली असे, ती आई चिमट्याने काढायची. त्यांच्या अंगाला तेलाचा एक वास होता, लहानपणी मला तो आवडत असे. कॉलेजात गेल्यावर आवडेनासा झाला. त्यांचा कामाचा निळा शर्ट पुढच्या ओट्यावर वाळत घालायचा नाही, हा नियम आमच्या घरात मी केला. आईने एकदा विचारलं, "का गं, धुतलेला तर आहे." मी म्हटलं, "डाग दिसतात." त्यानंतर तो शर्ट मोरीतल्या दोरीवर वाळायचा, पावसाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहायचा, आणि अण्णा तो तसाच घालून जायचे.

वाशीच्या कॉलेजात माझ्याबरोबरच्या मुलींचे वडील मंत्रालयात, बँकेत, विमा कंपनीत. मला कुणी विचारलं की मी म्हणे, "कंपनीत आहेत." त्या काळी नवी मुंबईत अर्धे लोक 'कंपनीत'च असत, त्यामुळे पुढे कुणी खोदून विचारत नसे. विचारलंच तर मी घड्याळ बघायचे.

बी.कॉम.चा निकाल लागला आणि मामाने स्थळ आणलं. मुलगा बँकेत, घर वाशीला, वडील सरकारी कचेरीतून निवृत्त, माणसं साधी. मामा म्हणाला, "बायोडेटा तेवढा नीट करून दे, हाताने लिहिलेला नको." मी टायपिंगच्या क्लासला जात होतेच. तिथे मशीनवर बसून नाव, उंची, शिक्षण, सगळं भराभर टाइप केलं आणि 'वडील' ह्या शब्दापाशी येऊन थांबले. बाजूच्या मुलीची बोटं खडखड चालली होती. मी 'सुपरवायझर' असं टाइप केलं. त्या दिवशी कुणी माझ्या डोक्यावर बंदूक धरली नव्हती. मामाने सांगितलं नव्हतं, आईने सांगितलं नव्हतं, आणि त्या माणसांनी तर मुळीच विचारलं नव्हतं.

इथे एक गोष्ट मधेच लिहून टाकते, नाहीतर पुढे धीर होणार नाही. मागच्या वर्षी माझ्या भावाची मुलगी माझ्याकडे आली होती. म्हणाली, "आत्या, बारावीनंतर मी टूल मेकिंगचा कोर्स करू? मला मशीनवर काम करायला आवडेल." हे सगळं भोगून बसलेली मी, आणि माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार काय, तर हिचं लग्न जमवताना काय सांगायचं! तोंडाने मी "कर की" म्हटलं. पण ते म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढा तिने बरोबर बघितला. पोरगी आजोबांवर गेली आहे, तिला बारीक फरक कळतात.

तर बायोडेटा गेला, पत्रिका जुळली, आणि मंडळी महिन्याभराने बघायला येणार असं ठरलं. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं. ओट्यावर कुणी थांबलं तरी वाटे, हे चौकशीलाच आले. आणि नेमकं त्याच आठवड्यात अण्णा जेवताना हसत हसत सांगू लागले, "शेठ म्हणतोय, अण्णा, आता मशीन बास करा, स्टोअर सांभाळा. टेबल-खुर्ची देतो, डोक्यावर पंखा देतो. जुना स्टोअरवाला गेला ना सोडून. मी म्हटलं, शेठ, अजून डोळं शाबूत हायेत माझं, मला कशाला गोण्या मोजायला बसवताय?"

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "अण्णा, घ्या ना ते काम."

"कशापायी?"

"तुमच्याकडे स्टोअर आलं म्हणजे तुम्ही स्टोअरचे सुपरवायझरच की."

अण्णांना आधी कळलंच नाही. मग मी बायोडेट्याचं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. चूक आपली असली की माझा आवाज चढतो, अजूनही चढतो. तुम्हाला काय, तुम्ही मशीनमध्ये तोंड घालून उभे राहता, लोकांना तोंड मला द्यावं लागतं, असलं काहीतरी मी बोलले. आईने परातीतलं पीठ बाजूला सारलं.

"सुरेखा," ती म्हणाली, "कागद बदल की. बाप कशाला बदलतेस?"

असं वाक्य आईला कसं सुचलं देव जाणे. त्या वाक्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी रडायला लागले. रडणं हे माझं त्या वयातलं हत्यार होतं आणि ते अण्णांवर हमखास चाले. त्यांनी ताटातच हात धुतला, हात पुढे धरून बघितला, आणि अगदी खरंखुरं विचारावं तसं विचारलं, "हात बघून पोरीला नाकारत्यात व्हय गं लोक?"

मी म्हटलं, "नाकारतात."

असं एकही उदाहरण मला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत फिटर, वेल्डर, ड्रायव्हर अशा सगळ्यांच्या मुलींची लग्नं थाटात झाली होती. तरीही मी "नाकारतात" म्हटलं, आणि अण्णा म्हणाले, "बरं."

पुढच्या सोमवारपासून अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कामाला जाऊ लागले. लेथवर किसन नावाचा माणूस आला. दिघ्याला राहायचा, तिशीतला, बायको-पोरंवाला. आधी तो ड्रिलिंगवर होता आणि जेवणाच्या सुट्टीत अण्णांकडून लेथ शिकत होता. त्याला अण्णांची मशीन मिळाली म्हणून तो पेढे घेऊन आमच्या घरी आला, अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा, आमी फक्त सांभाळतोय. मशीन तुमचीच." अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "फेसिंग घेताना घाई करू नको," एवढंच म्हणाले. फेसिंग म्हणजे फिरत्या तुकड्याचं तोंड सपाट करणं.

बघण्याचा कार्यक्रम छान झाला. एवढ्या दिवसांत अण्णांच्या हातांचं काळं बरंचसं गेलं होतं. तरी सगळा वेळ त्यांनी बोटं मुठीत मिटून ठेवली होती. माझे सासरे सज्जन माणूस. त्यांनी सहज विचारलं, "सुपरवायझर म्हणजे जबाबदारी बरीच असेल?" अण्णा म्हणाले, "हां, सगळं स्टोअर आमच्याकडं असतंय." पोहे संपायच्या आत होकार आल्यासारखं वातावरण झालं. मी आत जाऊन देवाला हात जोडले.

आणि घर हळूहळू मुकं झालं. मी त्या वेळी साड्या, पत्रिका, मैत्रिणी यांत बुडालेली, त्यामुळे मला ते उशिरा कळलं. अण्णा आता लवकर येत, मोरीत न जाता सरळ खुर्चीत बसत. अंगाला वास नाही, चपलेत लोखंड नाही. आई रॉकेलची बाटली तरी भरून ठेवायची, सवयीने. एक दिवस भाकरी खरंच जाड झाली होती, मलाही लागली. अण्णांनी तुकडा मोडला, खाल्ला, दुसरा मोडला. आई त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी तिनेच विचारलं, "जाड झालीय ना?" अण्णा म्हणाले, "चांगली हाय." आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. घासायला तेव्हा भांडी नव्हती.

मग खंडेनवमी आली. वर्कशॉपमध्ये खंडेनवमी म्हणजे वर्षाचा सण. मशीन धुऊनपुसून लख्ख करायची, झेंडूचे हार, आंब्याचे टाळे, आणि ज्याची मशीन त्याने बायकोला शेजारी घेऊन पूजा करायची. मुलंबाळं नवे कपडे घालून येत, शेठ स्वतः पेढे वाटे. आईने कितीतरी वर्षं त्या लेथला हळदकुंकू वाहिलं होतं. चकला, म्हणजे लोखंड पकडून फिरणाऱ्या त्या मोठ्या गोल भागाला, ती पाच बोटं ओढायची आणि अण्णा नारळ फोडायचे. त्या वर्षी शेठने अण्णांना बजावलं, "व्याह्यांना पण घेऊन या." मला ते नको होतं, पण तसं म्हणणार कसं? माझे होणारे सासरे आणि हे, दोघंही आले. ह्यांनी तर उत्सुकतेने एकेक मशीन काय करते ते विचारून घेतलं.

अण्णांच्या स्टोअरमध्ये पूजेला काही नव्हतं. त्यांनी वजनकाट्याला एक फूल वाहिलं आणि बाहेर येऊन आमच्यात उभे राहिले. समोर लेथ हारफुलांनी सजलेली, बाजूला किसन आणि नवी कोरी साडी नेसलेली त्याची बायको. किसनच्या हातात मोठा हार होता. तो मशीनला घालणार एवढ्यात त्याने आम्हाला बघितलं, आणि हार घेऊन सरळ अण्णांपुढे आला.

"अण्णा, पयला हार तुमचा. तुमी आणि आईंनी घाला, मग आमी."

सासऱ्यांनी कौतुकाने विचारलं, "ही तुमची मशीन होती?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मी त्यांना काय सांगितलं नजरेने, ते मला आठवत नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आठवतं. मी नकारार्थी मान हलवली होती, कुणाला दिसणार नाही इतकी थोडी. अण्णांना थोडंही दिसायचं.

"छे, छे," ते हसून म्हणाले. "मी स्टोअरला. मशीनवर ही मंडळी असतात."

'असतात' म्हणाले, 'असत्यात' नाही. 'ही मंडळी' म्हणाले. किसनचा पुढे आलेला हात तसाच राहिला. त्याने एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा माझ्या सासऱ्यांकडे, मग माझ्याकडे, आणि त्याला सगळं कळलं. तो मागे फिरला, त्याने हार घातला, बायकोने कुंकू लावलं. आईची दोन बोटं कुंकवात बुडवलेली होती. ती तिने पदराला पुसली. नव्या पदराला.

एक वाक्य पुरलं असतं. 'ही अण्णांचीच मशीन, बाबा, हे इथले सगळ्यात चांगले टर्नर आहेत,' असं मी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? शेठने तेवढ्यात ताट पुढे केलं. मी पेढा घेतला आणि खाल्ला.

किसन त्यानंतर आमच्या घरी आला नाही. लग्नाची पत्रिका त्याला दिली होती, लग्नालाही आला नाही. अण्णा मांडवात दाराकडे तोंड करून उभे होते, कुणाची वाट बघत होते ते मला माहीत होतं.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एकदा आमच्या घरचा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी हे फार आदराने, अगदी मित्रासारखं बोलत होते. ते बघून मला राहवलं नाही आणि मी ह्यांना सगळं सांगून टाकलं, बायोडेट्यापासून खंडेनवमीपर्यंत. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, पण मला काय फरक पडला असता?" त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. राग असता तर मी भांडले असते. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "बाबांना उलट आवडलं असतं. त्यांना खिळा सरळ ठोकता येत नाही."

मी त्याच आठवड्यात कोपरखैरण्याला गेले. अण्णांना म्हटलं, "आता सोडा ते टेबल. परत लेथवर जा. तिकडे सगळं सांगितलंय मी." अण्णा शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "आता किसनचा हात बसलाय तिच्यावर. त्याला उठवून मी उभा राहू?" मीही शेंगा सोलायला बसले. निवृत्त होईपर्यंत ते टेबलावरच बसले. निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि भाषणात त्यांच्या स्टोअरच्या टापटिपीचं कौतुक झालं. लेथचा उल्लेख कुणी केला नाही. करणार कोण? मशीनवर 'ही मंडळी' असतात.

आई गेल्यावर अण्णा शेवटची वर्षं माझ्याकडे उलव्याला होते. आमची सोसायटी नवी, चकचकीत. कामाला येणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी असा फलक खाली लावलेला. अण्णा खाली फिरायला जाताना न चुकता त्या मागच्या लिफ्टने जायचे. मी कारण विचारलं नाही. एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. नव्वदीकडे झुकलेला माणूस, हात लहान मुलासारखे मऊ आणि स्वच्छ झालेले. तो स्वच्छ हात हातात धरवेना. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला मी टेबलावर बसवलं, ते माझं चुकलं."

मला वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे गं, जुनं झालं. बाप असंच म्हणतो. ते ऐकायच्या तयारीने मी डोळ्यांत पाणी आणून बसले होते.

"चुकलं," अण्णा म्हणाले.

मी मान खाली घालून नख कापत राहिले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत होता. तो थांबल्यावर अण्णा पुन्हा बोलले. "माझं बी चुकलं. त्या किसनला मी मंडळी म्हणालो, चारचौघांत. तो रोज समोर यायचा, पण मला काय ते बोलायला जमलं न्हाई. तो अजून दिघ्यालाच हाय म्हणत्यात. त्याला सांगशील का एकदा, की अण्णा खोटं बोलला म्हणून? मशीन माझीच व्हती म्हणावं."

मी म्हटलं, "सांगते." त्यांनी दुसरा हात पुढे केला.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. किसनच्या गल्लीचा पत्ता मी भावाकडून घेतला आहे, फोनमध्ये लिहूनही ठेवला आहे. अण्णा खोटं का बोलले, असं तो विचारील, आणि त्याला ते माहीत असूनही मलाच सांगायला लावील, हे मला ठाऊक आहे. इथून दिघ्याला जायला फार तर दीड तास लागतो. मी अजून गेलेले नाही.